गोल्फच्या फटक्यात जोर कुठे लावायचा?

गोल्फ शिकवणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. चेंडूवर नेम धरून त्याला जोराने ठोकायचे, की क्लब मोकळा फिरू द्यायचा आणि चेंडू त्याच्या वाटेत आला की आपोआप उडू द्यायचा? पहिल्या पद्धतीला हिटिंग म्हणतात, दुसरीला स्विंगिंग. उजव्या हाताच्या खेळाडूचे उदाहरण घेतले, तर हिटर आपल्या उजव्या हाताचा वाकलेला कोपर सरळ करत क्लबला मागून रेटतो. स्विंगरचा भर डाव्या बाजूवर असतो: शरीर वळते, त्याबरोबर डावा हात ओढला जातो आणि हाताच्या टोकाला क्लब भिरभिरत येतो. दोन्ही पद्धतींचे कट्टर अनुयायी आहेत, दोन्हींकडे दाखवायला विजेते आहेत. माझे म्हणणे असे आहे की, क्लब चेंडूला भिडतो त्या क्षणापुरता हा वाद निकालात निघालेला आहे. तिथे रेटणे नावाची गोष्ट उरतच नाही आणि प्रत्येक चांगला फटका हा स्विंगच असतो. खरा प्रश्न त्याच्या आधीच्या पाव सेकंदाचा आहे. त्या पाव सेकंदात स्नायूंचा जोर कधी लावायचा आणि कधी सोडून द्यायचा, एवढाच हिटर आणि स्विंगर यांच्यातला फरक आहे. तो लहान नाही, पण जसा सांगितला जातो तसाही नाही.

स्विंगिंगची बाजू सर्वांत निष्ठेने मांडली ती अर्नेस्ट जोन्स या इंग्लिश व्यावसायिक खेळाडूने. पहिल्या महायुद्धात 1916 साली जखमी झाल्यामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर काही महिन्यांतच तो एका पायावर उभा राहून खेळू लागला आणि 18 होलची फेरी त्याने 83 फटक्यांत पुरी केली. दोन धड पायांवर खेळणाऱ्या बहुतेक हौशी खेळाडूंना हा आकडा आयुष्यात गाठता येत नाही. पाय रोवणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, कंबर फिरवणे हे सगळे त्या काळी फटक्याचे मूळ मानले जात असे. जोन्सला ते करताच येत नव्हते, तरी चेंडू जात होता. यावरून त्याने निष्कर्ष काढला की, क्लबचे डोके नीट फिरले पाहिजे, बाकी सारे त्याच्या मागून येते. पुढे अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्कमध्ये त्याने हेच शिकवले. त्याचे शिकवण्याचे साधन होते खिशातला रुमाल आणि त्याच्या टोकाला बांधलेला छोटा चाकू. रुमालाचे दुसरे टोक धरून चाकू झुलवला की तो सुरेख कमान काढत जातो. पण रुमालाने चाकूला ढकलायला गेले की रुमाल चुरगळतो आणि चाकू जागच्या जागी लोंबकळतो. रुमालातून ओढ जाते, रेटा जात नाही. शेतातल्या माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. गोफणीच्या दोरीने दगडाला ढकलता येत नाही. दोरी ताणलेली ठेवून फक्त आत ओढता येते आणि त्या ओढीतूनच दगडाला वेग चढतो.

पण क्लबचा शाफ्ट (दांडा) म्हणजे काही दोरी नव्हे. तो पोलादाचा किंवा कार्बन फायबरचा असतो, त्याला ढकलता येते. जोन्सच्या रुमालावरचा पहिला आक्षेप हाच आहे आणि तो रास्त आहे. या आक्षेपाला पद्धतशीर रूप दिले होमर केली या सिएटलच्या माणसाने. विमानांच्या कारखान्यात काम केलेल्या केलीने गोल्फचा फटका एखाद्या यंत्रासारखा सुटा करून पाहिला आणि 1969 साली ‘द गोल्फिंग मशीन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. वाचायला ते विलक्षण अवघड आहे, पण त्याचा प्रभाव आजही टिकून आहे. 2020 आणि 2024 अशी दोनदा यूएस ओपन जिंकणारा ब्रायसन डीशाम्बो याच पुस्तकावर वाढला. केलीने फटक्याचे 24 घटक केले आणि ताकद साठवण्याच्या चार जागा सांगितल्या: उजव्या कोपराची घडी, डाव्या मनगटाचा उभा बाक, डावा हात आणि क्लब यांच्यातला कोन, आणि छातीला चिकटलेला डावा हात. हिटर कोपराच्या घडीतून सुरुवात करतो, स्विंगर छातीला चिकटलेल्या हातापासून. केलीच्या मते या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, दोन्ही पूर्ण आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. ताकद कुठून येते हे नेमके दाखवण्यात केली जोन्सच्या खूप पुढे गेला, हे मान्य करायलाच हवे. सरमिसळीबद्दलचे त्याचे म्हणणे मात्र तपासून घ्यावे लागते.

तपासाची सुरुवात क्लब आणि चेंडू यांच्या भेटीपासून करू. अव्वल व्यावसायिक खेळाडूचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, चेंडूपाशी येतो तेव्हा त्याच्या डोक्याचा वेग सेकंदाला सुमारे 50 मीटर असतो. डोक्याचे वजन साधारण 200 ग्रॅम. चेंडू नियमाप्रमाणे 45.93 ग्रॅमपेक्षा जड असत नाही. दोघांचा संपर्क टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्या वेळात क्लबचे डोके सुमारे दोन सेंटिमीटर पुढे जाते, चेंडू चपटा होतो, पुन्हा फुगतो आणि सेकंदाला 74 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. या अवधीत चेंडूवर पडणारे सरासरी बल सुमारे 700 किलो वजनाएवढे असते. आता समजा, एखाद्या दणकट हिटरने नेमक्या याच क्षणी हाताने जास्तीचा रेटा दिला आणि तो थेट क्लबच्या डोक्यावर पोचला. हा रेटा दहा किलो वजनाएवढा धरू. प्रत्यक्षात तेवढाही पोचत नाही. दहा किलोचे बल 200 ग्रॅमच्या वस्तूवर अर्धा मिलिसेकंद लावले, तर तिचा वेग सेकंदाला पाव मीटरने वाढतो. पन्नासात पाव! दुसरीकडे चेंडूला धडकून त्याच डोक्याचा वेग तेवढ्याच वेळात जवळपास एक तृतीयांशाने घटलेला असतो. चेंडूच्या वाट्याला जे येते ते डोक्याच्या वस्तुमानाचे आणि आधीच कमावलेल्या वेगाचे. हाताच्या रेट्याचा तिथे हिशेबच लागत नाही.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. 1968 साली अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी ब्रिटनमधल्या मोठ्या संशोधनाचा गोषवारा ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या ग्रंथात मांडला. त्यातला एक प्रयोग मला अतिशय बोलका वाटतो. डोक्याच्या जरा वर शाफ्टमध्ये मोकळा हलणारा सांधा बसवलेला ड्रायव्हर त्यांनी वापरून पाहिला. अशा सांध्यातून हातांचा रेटा डोक्यापर्यंत जाऊच शकत नाही. चेंडूला भिडताना ते डोके जणू सुटे होऊनच येते. तरी चेंडू नेहमीच्या ड्रायव्हरइतकाच जवळजवळ लांब गेला. दुसरा पुरावा वेगवान कॅमेऱ्याचा. क्लब वरून खाली यायला लागतो तेव्हा शाफ्ट मागे वाकलेला दिसतो, कारण हात पुढे निघालेले असतात आणि जड डोके मागे रेंगाळत असते. हात शेवटपर्यंत रेटत राहिले असते, तर चेंडूपाशीही तो तसाच मागे वाकलेला दिसला असता. प्रत्यक्षात ड्रायव्हरचा शाफ्ट चेंडूला भिडण्यापूर्वी पुढच्या बाजूला वाकलेला असतो. डोक्याने हातांना मागे टाकलेले असते. हे चित्र स्वतःला हिटर म्हणवणाऱ्यांच्या फटक्यातही दिसते.

इथे समंजस हिटर म्हणेल, ठीक आहे, चेंडूच्या क्षणी नसेल रेटत, पण त्याच्या आधी तर रेटतो ना? वेग तिथेच तयार होतो. या आक्षेपाचे उत्तर खरे तर साऱ्या विषयाचा गाभा आहे. अभ्यासक फटक्याकडे दुहेरी लंबक म्हणून पाहतात: खांद्यापासून मनगटापर्यंत एक दांडा, मनगटापासून डोक्यापर्यंत दुसरा, आणि मध्ये मनगटाची बिजागरी. खाली येताना सुरुवातीला दोन दांड्यांत काटकोनाच्या आसपास कोन असतो. वरचा दांडा वेग घेतो, कोन टिकून राहतो, मग एका टप्प्यावर क्लब बाहेर फेकला जाऊ लागतो. तो फेकला जात असताना हात मंदावतात आणि हातांची ऊर्जा क्लबकडे जाते. मोजमापांत हे स्वच्छ दिसते: आधी कंबर, मग छाती, मग हात, शेवटी क्लब अशा क्रमाने एकेकाचा वेग शिखराला पोचतो आणि उतरतो. अमेरिकेतील नेब्रास्काचे भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी 1970 च्या आपल्या लेखात याचे गणित मांडले आणि पुढे ‘द फिजिक्स ऑफ गोल्फ’ या पुस्तकात ते वाचकांना समजेल असे सांगितले. त्यातली एक गोष्ट हिटरच्या सहजबुद्धीला धक्का देणारी आहे. डाउनस्विंगच्या, म्हणजे क्लब खाली येण्याच्या, सुरुवातीला मनगटांनी क्लबला पुढे ढकलले, तर चेंडूपाशी डोक्याचा वेग वाढत नाही, उलट कमी होतो. कोन लवकर उघडतो, हात आणि क्लब मिळून एक लांब, जड दांडा होतो आणि तो फिरवता फिरवता शरीराची शक्ती संपते. जास्त ताकद घातली आणि वेग कमी मिळाला, असा हा व्यवहार आहे. हौशी खेळाडूंच्या फटक्यांत सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच, आणि तो आळसातून येत नाही, चेंडूला जोरात ठोकायच्या इच्छेतून येतो.

तरीही मनगटाचा जोर अजिबात निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. स्प्रिगिंग्ज आणि नील या संशोधकांनी 2000 साली संगणकावर फटक्याची प्रतिकृती चालवून दाखवले की, मनगटाचा जोर डाउनस्विंगच्या उत्तरार्धात योग्य वेळी लावला, तर डोक्याच्या वेगात सुमारे 9 टक्के भर पडू शकते. हिटिंगच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मला ठाऊक नाही आणि तो उडवून लावण्यासारखाही नाही. ड्रायव्हरच्या फटक्यात 9 टक्के म्हणजे वीसेक मीटरचा फरक. फक्त अडचण आपल्या शरीराची आहे. स्नायू जितका वेगाने आखडतो तितके त्याचे बल कमी होते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 साली दाखवले. चेंडूजवळ येताना क्लब सेकंदाला सहा फेऱ्यांच्या गतीने फिरत असतो. एवढ्या वेगाने उघडणाऱ्या मनगटाला आणखी ढकलायला स्नायूंना सवडच मिळत नाही. ते क्लबच्या मागे धावत राहतात. म्हणूनच कसलेल्या खेळाडूंची मोजमापे घेतली, तर क्लबला फिरवणारा हातांचा जोर डाउनस्विंगच्या मधल्या टप्प्यात वाढलेला दिसतो आणि चेंडूजवळ तो शून्याकडे घसरतो, बऱ्याचदा उलटाही होतो. म्हणजे रेट्याला जागा आहे, पण ती मधल्या टप्प्यात आहे. चेंडूपाशी नाही आणि अगदी सुरुवातीलाही नाही. उजव्या कोपराची केलीने सांगितलेली घडी उघडायची ती याच टप्प्यात, आणि ती हातांना पुढे नेण्यासाठी उघडते, क्लबच्या डोक्याला बाहेर लोटण्यासाठी नाही.

शेवटच्या टप्प्यात मग काय चालते? ओढ. 200 ग्रॅमचे डोके सेकंदाला 50 मीटर वेगाने साधारण दीड मीटर त्रिज्येच्या कमानीवर ठेवायचे, तर त्याला आतल्या बाजूला सुमारे 34 किलो वजनाएवढ्या बलाने ओढून धरावे लागते. शाफ्टचे वजन मिळवले तर आणखी जास्त. हे अभिकेंद्री बल खेळाडू आपल्या हातांतून, खांद्यांतून आणि जमिनीवर रोवलेल्या पायांतून पुरवतो, बहुतेकदा नकळत. जपानी संशोधक मिउरा यांनी 2001 साली दाखवले की, शेवटच्या क्षणांत हात किंचित वर आणि आत ओढले, तर नुसत्या या ओढीनेच डोक्याचा वेग वाढतो. पट्टीचे खेळाडू चेंडूपाशी पाय ताठ करून उंच होताना दिसतात, त्यामागचे एक कारण हेच. दोरीने दगडाला ढकलता येत नाही, पण आत ओढून त्याचा वेग मात्र वाढवता येतो. पोलादी शाफ्ट दोरी नसला, तरी फटक्याच्या अखेरच्या टप्प्यात तो दोरीसारखाच वापरला जातो. जोन्सचा रुमाल संपूर्ण फटक्याला लागू नाही. या टप्प्याला मात्र तंतोतंत लागू आहे.

स्विंगिंगच्या भक्तांचीही एक समजूत दुरुस्त करायला हवी. क्लब आपल्या वजनाने फिरतो, ताकद लागतच नाही, असे त्यांच्यातले काहीजण सांगतात. साधा हिशेब पाहा. 50 मीटर वेगाच्या त्या डोक्यात 250 ज्यूल गतिज ऊर्जा असते आणि ती पाव सेकंदात निर्माण झालेली असते. एकट्या डोक्यासाठीच हे सरासरी एक किलोवॉट झाले, म्हणजे सव्वा अश्वशक्तीहून अधिक. शाफ्ट आणि हात यांना लागणारी ऊर्जा वेगळी. गुरुत्वाकर्षण यातला अगदी थोडा भाग देते. बाकीची ऊर्जा स्नायूच देतात, आणि बोटांचे, मनगटांचे छोटे स्नायू ती देऊ शकत नाहीत. ती येते मांड्या, नितंब, पाठ आणि खांदे यांच्या मोठ्या स्नायूंतून. स्विंग हा आळसाचा मार्ग नाही. मोठ्या स्नायूंनी लवकर काम करायचे आणि छोट्या स्नायूंनी त्यांच्या आड यायचे नाही, अशी ती शिस्त आहे. जोन्सने शरीराला दुय्यम मानले, तिथे तो चुकला असे मला वाटते. एका पायावर 83 करता येतात, पण आजच्या व्यावसायिकांचे अंतर एका पायावर गाठता येत नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. हे सगळे विज्ञान खरे असेल, तर एवढे थोर खेळाडू हिटिंगची ग्वाही का देतात? टॉमी आर्मर आपल्या 1953 च्या पुस्तकात उजव्या हाताने चेंडू सडकून काढायला सांगतो. बेन होगनने तर 1957 साली लिहिले की, ताकदीसाठी आपल्याला तीन उजवे हात मिळाले असते तर बरे झाले असते. आर्नोल्ड पामरचा फटका पाहून कुणालाही तो झुलता वाटणार नाही. ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना जे जाणवत होते तेच ती सांगत होती. मात्र जाणवणे आणि घडणे यांत वेळेचे अंतर असते. डाउनस्विंग पाव सेकंदात संपतो. एखादी गोष्ट जाणवून त्यावर हालचाल करायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. याचा अर्थ, चेंडूपाशी ठोकल्याची जी भावना येते तिची आज्ञा मेंदूने क्लब वर असतानाच दिलेली असते. चेंडूचा दणका हातांना कळतो तोवर चेंडू निघून गेलेला असतो. होगनलाही हे उमगलेले होते. उजव्या हाताची इच्छा व्यक्त करणारा तोच होगन सांगतो की डाउनस्विंगची सुरुवात कमरेने करा, हातांनी नव्हे, आणि हात कमरेच्या उंचीला येईपर्यंत त्यांना स्वतःहून काही करायचे नसते. त्याची सुरुवात स्विंगरची आहे आणि ठोकण्याची भावना उशिरा येणारी आहे. असा खेळाडू मनात उजव्या हाताने ठोकतो आणि प्रत्यक्षात क्लबचा कोन वेळेवर सुटतो. हौशी खेळाडू तोच सल्ला ऐकतो, पण कंबर हलण्याआधीच हात सोडतो. सूचना एकच, परिणाम उलटे. केलीने ज्या सरमिसळीला मनाई केली, ती होगनच्या फटक्यात सर्रास आहे, आणि त्याच्याहून नेमका चेंडू मारणारे इतिहासात फार थोडे झाले.

हिटिंगचा बोलबाला वाढायला साधनेही कारणीभूत झाली. हिकरी लाकडाचा शाफ्ट पीळ खायचा. त्याला घाईने रेटले की डोके वाकडे यायचे, म्हणून जुन्या खेळाडूंना संथ, लांब झोका घ्यावाच लागे. पोलादी शाफ्टला अमेरिकेत 1924 साली आणि ब्रिटनमध्ये 1929 साली मान्यता मिळाली, तेव्हा ही सक्ती संपली. क्लब आता जोर सहन करू लागला. पण क्लबने रेटा सहन केला म्हणून चेंडूला तो मिळू लागला असे झाले नाही.

एका ठिकाणी मात्र हिटरचे पारडे खरोखर जड आहे. दाट, ओल्या रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, चेंडू पडला की क्लबचे डोके चेंडूच्या आधी गवतात शिरते आणि गवताचा विळखा अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो. तेवढ्या वेळात हातांचा रेटा डोक्यापर्यंत पोचतो, पकड घट्ट असेल तर डोके वळत नाही आणि मजबूत उजवा हात उपयोगी पडतो. बंकरमधल्या वाळूचेही थोडेफार असेच. आखूड, नेमक्या चिप शॉटमध्येही अनेकजण उजव्या हाताच्या रेट्यावर भिस्त ठेवतात, कारण तिथे वेग कमावायचाच नसतो. दिशा आणि उंची सांभाळायची असते. अशा फटक्यांसाठी केलीची हिटिंगची मांडणी शिकण्यासारखी आहे.

नवशिक्याला मात्र मी आधी स्विंगच शिकवावा असे म्हणेन. त्याची परीक्षाही सोपी आहे आणि अनेक प्रशिक्षक ती वापरतात. ड्रायव्हर उलटा धरायचा, डोक्याच्या बाजूने, आणि चेंडूशिवाय जोरात फिरवायचा. शाफ्ट हवा कापतो त्याचा सूं असा आवाज होतो. हा आवाज उजव्या खांद्याजवळ सर्वांत मोठा आला, तर जोर फार लवकर खर्ची पडतो आहे. तो चेंडूच्या जागी किंवा जरासा पुढे यायला हवा. जोर कमी करत, कंबर आधी वळवत, मनगटे मोकळी ठेवत हा आवाज पुढे सरकवता येतो, आणि तो पुढे सरकला की शिकणाऱ्याच्या लक्षात येते की, आवाज वाढला आहे पण हात पूर्वीपेक्षा कमी दमले आहेत. तो तिथे पक्का बसल्यावर मग उजव्या हाताचा रेटा मधल्या टप्प्यात मिसळायला हरकत नाही, कारण आता तो कुठे घालायचा नाही हे कानाला कळलेले असते.